फाटा

नमुना क्रमांक सतरा मी मांडीवर धरून आणला,
मानवत ते परभणी, दुपारची एसटी.
थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बर्फात दुहेरी पिशवी.
कंडक्टरनं विचारलं, 'काय मॅडम, टरबूज का?'
मी हो म्हटलं.
उन्हाळाच होता, खपून गेलं.

प्रयोगशाळेत एसी फक्त मशीनसाठी.
खुद्दूसमामू हातमोज्यांवर हातमोजे चढवतात,
मुंडकं ट्रेमध्ये ठेवतात, कान नीट करतात
आणि करवत लावण्याआधी दरवेळी पुटपुटतात,
'माफ कर रे राजा.'
सव्वीस वर्षं झाली,
एकाही राजानं उत्तर दिलेलं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली अंधार, अंधारात हिरवे ठिपके,
ओल्या हरभऱ्याच्या घाट्यांसारखे टचटचीत.
म्हणजे आहे.
नगरपालिकेच्या वहीत या कुत्र्याची नोंद एवढीच:
'पिवळं, बेवारस, मारलं.'
माझ्याकडं मात्र त्याला मारणाऱ्याची सगळी पोथी,
चार अक्षरांत लिहिलेली:
ए, यू, जी, सी,
बारा हजारांच्या आसपास, एका दमात.
'एवढ्याशा मजकुरानं माणूस पाण्याला भेतो?'
मामू विचारतात.
मी म्हणते, हो.
ते तांब्याभर पाणी पितात, उभ्यानंच.

मग संगणक झाड काढतो.
ते उभं राहत नाही, स्क्रीनवर आडवं पडतं,
वावटळीत पडलेल्या बाभळीसारखं.
सतराची फांदी मानवतच्या चौघांशेजारी यायला हवी.
ती गेली नमुना चारपाशी.
चार धारूरकडचा.
दोघांत फरक तीन अक्षरांचा,
मध्ये अख्खा घाट, मध्ये गोदावरी.
मी नळ्या तपासल्या, लेबलं तपासली,
सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.
कुत्रं कधी गल्ली ओलांडत नाही,
ओलांडलं तर चार जण अंगावर येतात.

फॉर्मवर नंबर होता. लावला.
कौतिकाबाई मुंडे बोलल्या, मागं शेळ्या ओरडत होत्या.
'डांबऱ्या व्हय? आमचाच.
कारखान्याला नेला होता की ट्रॉलीत घालून,
तिकडं मानवत-पाथरीच्या अंगाला, साडेचार महिने.
फडात आम्ही दोघं, कोपीत लेकरू झोळीत,
खाली हा.
सापाला बी येऊ दिलं न्हाई.'
मग थांबल्या.
'शेवटी मलाच चावला. इंजेक्शनं घेतली सगळी.
पण बाई, चावला तवा माझ्याकडं बघत नव्हता बघा.'

मी विचारलं, कारखान्यावर त्याला कुणी चावलं होतं का?
'रातचं भांडण झालं एकदा. अंधारात कोन व्हतं
काय सांगावं.
तुमच्या मशीनीत दिसत न्हाई का?'

दिसतं, आणि नाही दिसत.
चार आणि सतरा जिथून फुटतात
तिथं झाडावर एक टिंब आहे.
त्याला नमुना नाही, नंबर नाही, गाव नाही.
आमच्या भाषेत तो अनुमानित पूर्वज.
कौतिकाबाईंच्या भाषेत, अंधारातलं भांडण.
कुणी त्याचं मुंडकं बर्फात ठेवलं नाही,
तो कुठल्या उसाच्या बांधाला पडून सुकला असेल,
आणि पोथी तेवढी पुढं गेली,
नक्कल करताना तीन अक्षरं चुकत.

सरांनी सांगितलं, लिहा:
मानवी स्थलांतरासोबत विषाणूचा प्रसार.
लिहिलं. बरोबरच आहे.
झोळीखाली कोण बसायचं
यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

परवा नमुना अठरा आणायला निघाले.
एसटी एका फाट्यावर थांबली, विनाकारण.
कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही.
पाटीच्या सावलीतून एक कुत्रं उठलं,
पुढच्या चाकाचा वास घेतला,
माझ्या रिकाम्या डब्याकडं वर बघितलं,
आणि पुन्हा जाऊन पसरलं.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
एवढंच मी बराच वेळ धरून बसले.